विश्लेषण : स्कूबाच्या सिलिंडरमधील हवा येते कुठून? डायव्हिंग बोटीवरील कॉम्प्रेसरची निवड इतकी महत्त्वाची का?

पावसाळ्यातील बंदी उठली की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगच्या बोटी पुन्हा पाण्यात उतरतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात मासे आणि प्रवाळ पाहण्यासाठी राज्यभरातून पर्यटक येतात. आता या व्यवसायाची मजल आणखी पुढे जाऊ पाहते आहे. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी उतरवून तेथे पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला. बोटी जितक्या दूर जातील आणि डुबकी जितकी खोल होईल, तितका एक साधा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये भरलेली हवा कोणी, कुठे आणि कोणत्या यंत्राने भरली?

लाइफ जॅकेट, बोटीची प्रवासी क्षमता, प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र यांवर चर्चा होते. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर ती सहसा होत नाही, कारण ते यंत्र पर्यटकाला दिसतच नाही. मात्र पाण्याखाली गेल्यावर प्रत्येक श्वास त्याच यंत्रातून आलेला असतो.

सिलिंडरमध्ये नेमके काय असते?

अनेकांचा समज असा की, पाणबुडे ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ घेऊन जातात. प्रत्यक्षात त्यात आपण रोज घेतो तीच हवा असते, म्हणजे सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतांश नायट्रोजन. फरक दाबाचा असतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली, तर त्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते. गाडीच्या टायरमधील दाब साधारण दोन ते अडीच बार असतो, हे लक्षात घेतले की २०० बारचा अर्थ कळतो.

इतका दाब एका दमात निर्माण करता येत नाही. हवा दाबली की तापते. म्हणून श्वसनासाठीच्या कॉम्प्रेसरमध्ये तीन किंवा चार टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यात पिस्टन हवा दाबतो, मग ती नळ्यांच्या वेटोळ्यातून थंड होते, तिच्यातील पाणी व तेलाचे थेंब वेगळे काढले जातात आणि ती पुढच्या टप्प्यात जाते. शेवटी गाळणीच्या नळकांड्यातून गेल्यावर ती सिलिंडरमध्ये पोहोचते.

गॅरेजमधील टायर भरण्याचा किंवा रंगाच्या फवारणीचा कॉम्प्रेसर या कामाला चालत नाही. त्याचा दाब सिलिंडर भरण्याइतका नसतो, हे एक कारण. दुसरे म्हणजे त्यातून येणाऱ्या हवेत तेलाची वाफ, ओलावा आणि गंजाचे कण असू शकतात. फिलिपिन्समध्ये गरीब मच्छीमार अशाच कॉम्प्रेसरला प्लास्टिकची नळी जोडून तिच्यातून श्वास घेत मासेमारी करतात. त्याची किंमत अनेकांनी पक्षाघाताने आणि जिवाने मोजली आहे.

हवा दूषित झाली तर काय होते?

सर्वात धोकादायक घटक कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक घट्ट जोडला जातो. त्यामुळे रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही सुरुवातीची लक्षणे असतात. समुद्रात ती ‘बोट लागली’ म्हणून सहज दुर्लक्षित होतात.

पाण्याखाली हा धोका वाढतो, कारण खोलीबरोबर दाब वाढतो. पृष्ठभागावर एक बार असलेला दाब ३० मीटरवर चार बार होतो. सिलिंडरमधील हवेत दशलक्ष भागांत १० भाग, म्हणजे १० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड असेल, तर ३० मीटरवर शरीरावर होणारा परिणाम पृष्ठभागावरील ४० पीपीएमसारखा असतो. पहिल्यांदाच डुबकी मारणाऱ्या पर्यटकाला आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांच्या नियमानुसार जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेता येते. तेथेही हे प्रमाण दुपटीहून अधिक होते.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. खोलवर ऑक्सिजनचाही दाब वाढलेला असल्याने रक्ताच्या द्रव भागात थोडा जास्त ऑक्सिजन विरघळतो आणि काही काळ विषबाधा झाकली जाते. पाणबुडा वर येऊ लागला की हा आधार कमी होतो. म्हणजे तळाशी ठीक वाटणारा माणूस वर येताना बेशुद्ध पडू शकतो.

तेलाची वाफ फुप्फुसात गेल्यास न्यूमोनियासारखा दाह होऊ शकतो. ओलावा जास्त असेल तर सिलिंडर आतून गंजतो, आणि हवा बाहेर पडताना थंड होत असल्याने थंड प्रदेशात रेग्युलेटर गोठू शकतो. मात्र जीव पटकन घेणारा घटक कार्बन मोनॉक्साइडच.

असे खरोखर घडले आहे का?

याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण स्कूबा डायव्हिंगच्या जनकांपैकी एक असलेल्या जाक कूस्तो यांचेच आहे. २७ ऑगस्ट १९४६ रोजी कूस्तो आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक द्युमा फ्रान्समधील फोंतेन द वोक्लूझ या पाण्याने भरलेल्या गुहेत उतरले. आत दोघांचेही भान हरपू लागले. ठरलेल्या खुणा आठवेनात, दोराचे काय करायचे ते सुचेना. वर दोर धरून बसलेल्या सहकाऱ्याने त्यांना ओढून घेतले, म्हणून ते वाचले.

सुरुवातीला खोलीचा परिणाम म्हणून या प्रकाराकडे पाहिले गेले. नंतर सिलिंडरमधील उरलेली हवा तपासली, तेव्हा तिच्यात कार्बन मोनॉक्साइड आढळला. त्यांचा नवा डिझेल कॉम्प्रेसर स्वतःच्याच धुराड्यातून निघालेला धूर पुन्हा आत ओढत होता. पाण्याखालच्या जगाची सर्वाधिक जाण असलेल्या माणसांचीही फसगत झाली, ती पाण्याबाहेरच्या यंत्रामुळे. या घटनेला आठ दशके होत आली, तरी बोटीवरचा पहिला धोका आजही हाच आहे.

बोटीवर हा धोका जास्त का?

किनाऱ्यावरील खोलीत कॉम्प्रेसर एकदा बसवला की हवा ओढणारी नळी छपराच्या वर, रस्त्यापासून लांब नेता येते. बोटीवर सगळेच जवळजवळ असते. मुख्य इंजिनाचा धूर, जनरेटरचा धूर, स्वयंपाकाचा स्टोव्ह, शेजारी येऊन थांबलेली दुसरी बोट, हे सर्व काही मीटरच्या अंतरात येते. नांगरलेली बोट वारा आणि प्रवाहाबरोबर फिरते. सकाळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेली नळी दुपारी खालच्या अंगाला आलेली असते. बोट वाऱ्याच्याच दिशेने सावकाश जात असेल, तर धूर मागे न पडता डेकवर घोटाळत राहतो.

येथे एक मोठा गैरसमजही काम करतो. ‘हवेला डिझेलचा वास येत नाही, म्हणजे हवा चांगली आहे,’ असे अनेकांना वाटते. गाळणीतील सक्रिय कोळसा डिझेलचा वास आणि तेलाची वाफ शोषून घेतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्याला अडत नाही. त्यामुळे धूर आत गेला असला, तरी बाहेर येणारी हवा अगदी स्वच्छ भासू शकते. वास हा इशारा होता, तो गाळणीने काढून टाकला आणि विष तसेच राहिले.

यावर उपाय म्हणून गाळणीत हॉपकेलाइट नावाचे उत्प्रेरक वापरतात. मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचे हे मिश्रण कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करते. मात्र ते कोरडे असेल तरच काम करते. ओलावा लागला की ते निकामी होते. म्हणून त्याच्या आधी हवा सुकवणारा थर व्यवस्थित असणे आवश्यक असते. हॉपकेलाइट हा शेवटचा आधार मानायचा. धूर आत येऊच न देणे हा पहिला उपाय.

कोकणातील हवामानाचा काय संबंध?

युरोप-अमेरिकेतील उत्पादकांच्या माहितीपत्रकात गाळणी किती तास चालेल याचा आकडा साधारण २० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून दिलेला असतो. २० अंशांवर एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. ३० अंशांवर हे प्रमाण ३० ग्रॅम, तर ४० अंशांवर सुमारे ५१ ग्रॅम होते. एप्रिल-मे महिन्यांत मालवणच्या दमट हवेत, त्यातही इंजिनाशेजारच्या कोंदट जागेत चालणाऱ्या यंत्रावर पाणी सुकवण्याचा किती भार पडत असेल, हे यावरून लक्षात येते. हवा जितकी गरम राहील, तितके पाणी वाफेच्या रूपात गाळणीपर्यंत पोहोचते आणि तिचे आयुष्य निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होते.

अशा यंत्रांसाठी सभोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा साधारण ४५ अंश असते. बंद इंजिनरूममध्ये हा आकडा सहज ओलांडला जातो. यंत्र अति तापले, तर आणखी एक धोका असतो. कॉम्प्रेसरमधील वंगणतेल जास्त तापून त्याचे विघटन झाले की यंत्राच्या आतच कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. म्हणजे बाहेरची हवा कितीही शुद्ध असली, तरी सिलिंडरमध्ये विष जाऊ शकते. म्हणून श्वसनाच्या हवेसाठी मान्य केलेले तेलच वापरावे लागते. बोटीच्या इंजिनासाठी आणलेले तेल कॉम्प्रेसरमध्ये ओतणे ही काटकसर महागात पडते.

खारी हवा हा वेगळा प्रश्न. पंख्याची पाती, नळ्यांचे जोड, विजेचे संपर्कबिंदू यांना लवकर गंज चढतो. शिवाय बोट डोलते. काही छोट्या यंत्रांना जेमतेम ५ अंशांपर्यंतचा कल चालतो. त्याहून जास्त झुकल्यास तेल नीट पोहोचत नाही. बोटीसाठी यंत्र घेताना कलाची ही मर्यादा आणि वंगणाची पद्धत विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

किती क्षमतेचा कॉम्प्रेसर लागतो?

येथे साधे गणित उपयोगी पडते. समजा, एका बोटीवर १२ पर्यटक आणि २ मार्गदर्शक असे १४ जण दिवसात दोन डुबक्या मारतात. प्रत्येक जण ५० बार हवा शिल्लक ठेवून वर येतो. म्हणजे १२ लिटरच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये १५० बार, अर्थात १,८०० लिटर हवा भरावी लागेल. दोन डुबक्यांच्या २८ सिलिंडरसाठी ही गरज ५०,४०० लिटर होते.

मिनिटाला १०० लिटर हवा देणारे छोटे, उचलून नेता येणारे यंत्र यासाठी आठ तासांहून अधिक काळ सलग चालवावे लागेल. असे यंत्र त्यासाठी बनवलेलेच नसते. मिनिटाला ३०० लिटर देणारे यंत्र हेच काम पावणेतीन ते तीन तासांत करते. दोन डुबक्यांमधल्या एका तासाच्या विश्रांतीतच १४ सिलिंडर भरायचे ठरवले, तर मिनिटाला किमान ४२० लिटर क्षमता हवी. त्यात नळ्या बदलण्याचा वेळ धरलेला नाही.

खरेदी करताना माहितीपत्रकातील आकडा कशाचा आहे, हेही पाहावे लागते. पिस्टन किती हवा ओढतो हा एक आकडा असतो आणि सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष किती हवा पोहोचते हा दुसरा. पहिला नेहमीच मोठा दिसतो. रिकामा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला किती मिनिटे लागतात, असा थेट प्रश्न विचारला की फरक उघड होतो.

मोठ्या दाबाच्या साठवण टाक्या बोटीवर ठेवून त्यातून सिलिंडर भरण्याचा पर्यायही असतो. त्यातून भरणे झटपट होते आणि यंत्र शांतपणे, रात्री किंवा फावल्या वेळी चालवता येते. पण साठवलेली सगळी हवा वापरता येत नाही. ५० लिटरच्या टाकीत ३०० बार दाबाने सुमारे १५,००० लिटर हवा असते. भागाकार केला तर तिच्यातून आठ सिलिंडर भरायला हवेत. प्रत्यक्षात ५० बार शिल्लक असलेले दोनच सिलिंडर २०० बारपर्यंत पूर्ण भरतात. तिसरा सुमारे १९३ बारवर थांबतो, कारण तोवर दोन्हीकडचा दाब समान झालेला असतो. म्हणून अशा टाक्या एकापेक्षा अधिक ठेवाव्या लागतात. प्रत्येक सिलिंडर आधी कमी दाबाच्या टाकीतून आणि शेवटी जास्त दाबाच्या टाकीतून भरतात, म्हणजे साठा अधिक पुरतो.

यंत्र चालवायचे कशावर?

पेट्रोल इंजिनावरचा कॉम्प्रेसर स्वस्त आणि हलका असतो, पण बोटीवर पेट्रोलची वाफ तळाशी साचून आग लागण्याची भीती असते आणि धूरही जवळच निघतो. डिझेल इंजिन त्या मानाने सुरक्षित, पण धुराचा प्रश्न कायम राहतो. विजेच्या मोटारीवर चालणारे यंत्र स्वतः धूर सोडत नाही. मात्र तिला वीज पुरवणारा जनरेटर धूर सोडतोच. तो बोटीत कुठे आहे आणि त्याचे धुराडे कोणत्या बाजूला उघडते, हे पाहावे लागते.

मिनिटाला ३०० लिटरच्या यंत्राला साधारण साडेसात किलोवॅटची मोटार लागते. अशी मोटार थेट सुरू केली, तर पहिल्या क्षणी ती नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह ओढते. मोटारीइतक्याच ताकदीचा जनरेटर घेतला, तर तो या धक्क्याने बसतो किंवा बोटीवरचे इतर दिवे, उपकरणे बंद पडतात. स्टार-डेल्टा स्टार्टरने हा धक्का जवळपास एक तृतीयांशावर येतो. कॉम्प्रेसर आधी विकत घेऊन जनरेटरचा विचार नंतर करणे ही या व्यवसायातील नेहमीची चूक आहे.

प्रत्येक बोटीवर कॉम्प्रेसर हवाच का?

नाही, आणि हाच या विषयातील कळीचा मुद्दा आहे. भरलेल्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचे वजन साधारण १७ किलो असते. दुसऱ्या डुबकीसाठी १४ जादा सिलिंडर नेले, तर सुमारे २४० किलो भार वाढतो. मिनिटाला ३०० लिटरचा कॉम्प्रेसर एकटाच २०० किलोच्या आसपास असतो. जनरेटर, त्याचे डिझेल आणि नळ्या धरल्या, तर तो पर्याय अधिक जड होतो. शिवाय कॉम्प्रेसर बिघडला की दिवस वाया जातो. जादा सिलिंडर बिघडत नाहीत.

मालवण किंवा तारकर्लीहून काही मिनिटांच्या अंतरावर जाणाऱ्या बोटीसाठी किनाऱ्यावर एक चांगले, हवेशीर भरणकेंद्र आणि पुरेसे सिलिंडर हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. निवती रॉकसारख्या थोड्या दूरच्या ठिकाणीही सकाळी निघून दुपारी परतणाऱ्या बोटीला तोच पुरेसा आहे. अनेक छोट्या व्यावसायिकांनी मिळून असे एक केंद्र चालवले, तर यंत्राचा आणि तपासणीचा खर्च विभागला जाऊ शकतो.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक या प्रवाळक्षेत्राची गोष्ट वेगळी. तेथे जायचे तर बोटीवर मुक्काम करावा लागतो. रोज किनाऱ्यावर येऊन सिलिंडर भरणे शक्य नसते. अशा बोटीवर कॉम्प्रेसर लागतो, आणि एक नव्हे तर दोन. एका मोठ्या यंत्रापेक्षा मध्यम क्षमतेची दोन यंत्रे बरी, कारण एक बंद पडले तरी काम चालू राहते आणि सुटे भागही सारखेच लागतात.

वजन कुठे ठेवले जाते, हेही महत्त्वाचे. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा कॉम्प्रेसरशी संबंध नव्हता. मात्र लाटांच्या तडाख्यात छोट्या बोटीचे संतुलन किती पटकन जाऊ शकते, हे तिने दाखवून दिले. काही शे किलोचे यंत्र बोटीच्या छतावर किंवा एका कडेला बसवण्यापूर्वी नौकातज्ज्ञाकडून स्थैर्याची तपासणी करून घेणे ही औपचारिकता मानता येणार नाही.

पाण्यावरून नळीने हवा पुरवली तर?

काही कामांत पाठीवर सिलिंडर नसतो. बोटीवरच्या कमी दाबाच्या कॉम्प्रेसरमधून लांब नळीने थेट हवा पुरवली जाते. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रातील किंवा बंदरातील दुरुस्तीचे काम करणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांसाठी ही रूढ पद्धत आहे. तेथे गणित बदलते. कष्टाचे काम करणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला ४० लिटरच्या आसपास हवा वापरतो असे धरले, तर ३० मीटरवर ती गरज १६० लिटर होते. शिवाय हवा त्या खोलीच्या दाबापेक्षा अधिक दाबाने पोहोचवावी लागते.

सिलिंडर भरताना यंत्र बंद पडले, तर वेळ जातो. नळीने हवा पुरवताना ते बंद पडले, तर खालच्या माणसाचा श्वास थांबतो. म्हणून या पद्धतीत हवेचा दुसरा स्वतंत्र स्रोत आणि पाणबुड्याजवळ स्वतःचा आपत्कालीन सिलिंडर असणे जगभर बंधनकारक मानले जाते. हेच तत्त्व उथळ पाण्यात पर्यटकांना नळीने हवा पुरवणाऱ्या कोणालाही लागू होते.

शुद्ध हवेचे निकष कोणते?

युरोपमध्ये ‘ईएन १२०२१’ हे मानक वापरले जाते. त्यानुसार श्वसनाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमहून आणि कार्बन डायऑक्साइड ५०० पीपीएमहून अधिक नसावा. तेलाचे प्रमाण घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत हवे. पूर्वी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १५ पीपीएम होती. २०१४ च्या सुधारणेत ती एक तृतीयांशावर आणली गेली. अमेरिकेत ‘ग्रेड ई’ हा निकष प्रचलित असून त्यात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १० पीपीएम, तर तेलाची ५ मिलिग्रॅम आहे.

ब्रिटनमधील कामगार सुरक्षा नियामकाच्या मार्गदर्शनानुसार पाणबुड्यांच्या हवेची किमान दर तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते. मात्र तीन महिन्यांपूर्वीचा अहवाल आज सकाळच्या हवेबद्दल काही सांगत नाही. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड सतत मोजणारे आणि मर्यादा ओलांडताच यंत्र बंद करणारे संवेदक आता अनेक कॉम्प्रेसरसोबत मिळतात. बोटीवरच्या यंत्रासाठी हा खर्च सर्वात आधी करण्यासारखा आहे.

भारतात जबाबदारी कोणाची?

उच्च दाबाचे सिलिंडर ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ च्या कक्षेत येतात. त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजेच ‘पेसो’ करते. या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे. सिलिंडर मान्यताप्राप्त प्रकारचा असणे, त्याची ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली चाचणी होणे, या गोष्टी या नियमांत येतात. २०० बारचा सिलिंडर फुटला तर तो बॉम्बसारखाच घातक असल्याने हा भर समजण्यासारखा आहे.

बोट, तिची प्रवासी क्षमता आणि जलक्रीडेचे परवाने हा विषय महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्डाकडे येतो. प्रशिक्षणासाठी तारकर्लीत पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा संस्था आणि गोव्यात केंद्राची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. सिलिंडर एका यंत्रणेकडे, बोट दुसऱ्या यंत्रणेकडे आणि माणूस तिसऱ्या संस्थेकडे, अशी ही विभागणी आहे. या तिन्हींना जोडणारी वस्तू म्हणजे सिलिंडरच्या आतली हवा. बोट तपासताना ती नजरेआड होण्याची शक्यता सर्वाधिक असते. परवान्याच्या नूतनीकरणावेळी हवेचा ताजा तपासणी अहवाल मागितला, तर नवा कायदा न करताही ही फट बरीच बुजू शकते.

छोट्या व्यावसायिकांची अडचणही खरी आहे. हंगाम जेमतेम आठ-नऊ महिन्यांचा, तोही हवामानावर अवलंबून. पर्यटक दोन बोटींचे दर विचारून स्वस्त बोटीत बसतो. वेळेवर गाळणी बदलणारा आणि न बदलणारा यांच्यातील फरक त्याला दिसत नाही. त्यामुळे प्रामाणिकपणे खर्च करणाऱ्याला बाजारात त्याचा मोबदला मिळत नाही. गाळणीचे तास लिहिलेली वही आणि हवेचा अहवाल बोटीवर किंवा तिकीट खिडकीत लावण्याची पद्धत पडली, तर हा खर्च दिसू लागेल.

पर्यटकाने काय विचारावे?

यंत्रातील बारकावे पर्यटकाला माहीत असण्याची गरज नाही. हवा कुठे भरली, शेवटची तपासणी कधी झाली, गाळणी कधी बदलली, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. ज्याच्याकडे वही आहे, तो ती लगेच काढून दाखवतो. डुबकी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटरमधून काही श्वास पाण्याबाहेरच घेऊन पाहावेत. तेलकट चव किंवा वास आला, तर त्या सिलिंडरने पाण्यात उतरू नये. वास आला नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. पाण्याखाली डोके दुखू लागले, मळमळले किंवा काही सुचेनासे झाले, तर मार्गदर्शकाला खूण करून त्याच्यासोबत सावकाश वर यावे.

वर आल्यावर अशी लक्षणे असलेल्या व्यक्तीला शंभर टक्के ऑक्सिजन देणे हा पहिला उपचार असतो. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर हा काळ साधारण दीड तासापर्यंत खाली येतो. त्यामुळे बोटीवर वैद्यकीय ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि तो वापरता येणारा माणूस आहे का, हा चौथा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. एकाच बोटीवरील दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली, तर ती बोट लागल्याने झाली असे गृहीत धरू नये. त्या खेपेला भरलेले सगळे सिलिंडर बाजूला ठेवावेत आणि त्यांतील हवा न सोडता ती तपासणीसाठी राखून ठेवावी. कूस्तो यांना आपल्या अपघाताचे कारण कळले, ते सिलिंडरमध्ये हवा शिल्लक होती म्हणूनच.